खेळातल्या वस्तूंची नावं : प्रस्तावना

संगणकावरच्या खेळात कुऱ्हाडीला दोन नावं असतात. एक खेळणाऱ्याला दिसतं, दुसरं फक्त यंत्राला. लुआंटी या खेळात लाकडी कुऱ्हाडीवर माउस नेला की 'वुडन ॲक्स' अशी अक्षरं उमटतात. खेळ ज्या फाइलींवर चालतो त्यांच्यात मात्र तीच कुऱ्हाड 'डिफॉल्ट' आणि 'ॲक्स-वुड' असे दोन शब्द विसर्गासारख्या दोन टिंबांनी जोडून ओळखली जाते. कुऱ्हाड कशापासून बनते, किती घावांत झाड पाडते, किती वापरली की मोडते, हे सगळं त्या आतल्या नावाला बांधलेलं आहे. बाहेरचं नाव नुसतं दाखवण्यापुरतं असतं. ते बदललं तरी खेळाचं काही बिघडत नाही; खेळणाऱ्याचं मात्र त्या वस्तूशी असलेलं नातं बदलतं. जुन्नर आणि आंबेगाव तालुक्यांतल्या माध्यमिक शाळांच्या मुलामुलींसाठी लिहिलेली ही पुस्तिका त्या बाहेरच्या नावाबद्दल आहे.

आतलं नाव का बदलायचं नाही, हे समजायला आपल्याकडच्या मुलांना फार लांब जावं लागत नाही. मूळचं आंबेगाव डिंभे धरणाच्या पाण्याखाली गेलं. तालुक्याच्या कचेऱ्या घोडेगावला आहेत, मोठी बाजारपेठ मंचरला. तरी तालुका आंबेगावच. सातबाऱ्यावर, दाखल्यावर, मतदारयादीवर तेच नाव येतं, कारण सगळे कागद त्याच नावाला धरून आहेत. खेळातलं आतलं नाव असंच असतं. ते बदललं, की ज्या ज्या फाइलीत त्याचा उल्लेख आहे तिथे खेळ ती वस्तू शोधतो, आणि सापडली नाही की आधीच्या जगात पेटीत ठेवलेल्या कुऱ्हाडी 'अननोन आयटम' होऊन बसतात. म्हणून या पुस्तिकेत पहिल्यापासून शेवटपर्यंत एकच बाजू हलवली आहे: बरोबरच्या चिन्हाच्या उजवीकडची.

बरोबरचं चिन्ह म्हणजे काय, ते सांगतो. लुआंटीत खेळाच्या एकेका सुट्या भागाला मॉड म्हणतात. भाषांतराची सोय असलेल्या मॉडच्या फोल्डरात 'लोकेल' नावाचा एक छोटा फोल्डर असतो. त्यात भाषेगणिक एक साधी मजकुराची फाइल असते, नोटपॅडमध्ये उघडेल अशी. पहिल्या ओळीत ती कोणत्या मॉडची आहे ते लिहिलेलं असतं, आणि त्याखाली एका ओळीत एक वस्तू: डावीकडे इंग्रजी नाव, मग बरोबरचं चिन्ह, मग आपलं नाव. मराठीसाठी फाइलीच्या नावात 'एमआर' ही दोन अक्षरं घालायची. मजकुरात मध्येच ॲटचं चिन्ह आणि त्यापुढे आकडा दिसला, तर त्या जागी खेळ स्वतः काहीतरी भरणार आहे, एखाद्या खेळाडूचं नाव किंवा संख्या. ते तसंच ठेवायचं. नियम जवळजवळ एवढेच. आणखी एक गोष्ट मला फार मोलाची वाटते. हे भाषांतर प्रत्येक खेळणाऱ्याच्या संगणकावर होतं. एकाच जगात, एकाच झाडापाशी उभ्या असलेल्या दोन मुलांना तीच कुऱ्हाड दोन वेगवेगळ्या नावांनी दिसू शकते, आणि दोघांचाही खेळ अडत नाही.

लुआंटी निवडण्याचं कारण साधं आहे. फिनलंडच्या पेर्तू अहोला यांनी २०१० मध्ये हा खेळ सुरू केला. ऑक्टोबर २०२४ पर्यंत त्याचं नाव माइनटेस्ट होतं. तो मुक्त परवान्याचा आहे. उतरवायला पैसे लागत नाहीत, फाइली उघडायला कुणाची परवानगी लागत नाही, बदललेली फाइल परवान्याच्या अटी पाळून दुसऱ्या शाळेला देता येते. जुन्या संगणकावरही तो चालतो. माइनक्राफ्टमध्येही जवळजवळ हेच करता येतं: २०१८ च्या १.१३ या आवृत्तीपासून त्याच्या जावा प्रकारात नावांची फाइल जेसन स्वरूपात असते, आणि रिसोर्स पॅक बनवून मूळ खेळाला हात न लावता तिच्यात नवी भाषा घालता येते. पण तो खेळ विकत घ्यावा लागतो, आणि शाळेतल्या वीस-पंचवीस मुलांना तो घेऊन देणं सोपं नाही.

फाइल उघडणं, ओळ बदलणं, जतन करणं, याला पाच मिनिटं लागतात. खरं काम नाव ठरवण्याचं आहे, आणि ते संगणकावर होत नाही.

फावड्याचं उदाहरण घ्या. खेळात खणण्याची तीन अवजारं आहेत: पिकॲक्स, शॉव्हेल आणि हो. कोशात पाहिलं तर पिकॲक्सला टिकाव, शॉव्हेलला फावडं, हो म्हणजे कुदळ. लिहून मोकळं व्हावं असं वाटतं. पण चित्र पाहा. शॉव्हेलचं पातं दांड्याच्या सरळ रेषेत पुढे आलेलं आहे. आपलं फावडं तसं नसतं. त्याचं पातं दांड्याला काटकोनात वळलेलं असतं, आणि माणूस ते पुढे ढकलत नाही, स्वतःकडे ओढतो. दारं धरताना वाफ्याचं तोंड फोडायला आणि बुजवायला जे हातात असतं, ज्याला आपल्याकडे बरेच शेतकरी खोरं म्हणतात, ते चित्र खेळात 'हो'च्या जागी आहे. त्यानं खेळात जमीन पेरणीजोगी होते, म्हणजे कामही जवळपास तेच. तेव्हा 'हो' झालं खोरं. शॉव्हेलला बेलचा म्हणावं, असं मी सुचवलं आहे. रस्त्याच्या आणि बांधकामाच्या कामावर तो शब्द ऐकू येतो. कोशानं दिलेला शब्द चुकीचा नव्हता, पण कोशाला चित्र दिसत नव्हतं. नाव ठेवणाऱ्याला चित्रही पाहावं लागतं, आणि ते अवजार कुणी कसं धरतं तेही.

भाकरीचा प्रश्न याहून अवघड आहे. खेळात गव्हाचं बी पेरायचं, गहू काढायचा, चार गव्हांचं पीठ करायचं, ते भट्टीत भाजून ब्रेड करायचा. ब्रेडला 'भाकरी' म्हणावं, हे मुलांच्या मनात सगळ्यांत आधी येणार. पण भाकरी म्हटलं की पीठ गव्हाचं चालत नाही. मग पिठाची ओळ बदला, गव्हाची बदला, बियाण्याची बदला. एक नाव ओढलं की मागची सगळी साखळी ओढली जाते. आणि गव्हाच्या जागी काय लिहायचं? आणे पठार, बेल्हे, या पूर्वेच्या कोरड्या पट्ट्यात भाकरी बाजरीची. पश्चिमेला आहुपे, दुर्गवाडी, नाणेघाटाच्या बाजूला, महादेव कोळी वस्त्यांत, ती नाचणीची किंवा तांदळाची. एकाच तालुक्यातल्या दोन शाळांच्या दोन फाइली होतील. मला त्यात काहीच वावगं वाटत नाही. फाइल काही केबींची असते. गाव तितक्या फाइली झाल्या तरी कुणाची जागा अडत नाही. छापील कोशाला असं करता आलं नसतं.

इथे एक भेद मात्र पक्का ठेवायला हवा, आणि पुस्तिकेचे दोन भाग त्यावरच पडले आहेत. आपल्या शाळेच्या प्रतीत गव्हाची बाजरी करणं हे नामांतर. मूळ प्रकल्पाला पाठवायची मराठी फाइल तयार करणं हा अनुवाद. अनुवादाची फाइल अकोल्याचं मूल वाचणार, बेळगावचं वाचणार, मराठी आईवडिलांचं बर्मिंगहॅममधलं मूलही वाचणार. तिथे गहू गहूच राहिला पाहिजे, आणि ब्लूबेरीच्या झुडपाला करवंदीची जाळी म्हणता येणार नाही, कितीही मोह झाला तरी. आपल्या प्रतीत मात्र खुशाल म्हणावं. जमलं तर चित्रही बदलावं, फळ काळं करावं, फांदीला काटे काढावेत. मुलांनी सुरुवात नामांतरानं करावी असं माझं मत आहे. आपल्या ओळखीच्या जागेत शब्दाची पारख होते, आणि मग अनुवाद करताना कुठे थांबायचं ते कळतं.

आता एक अडचण, जी लपवून ठेवण्यात अर्थ नाही. देवनागरी अक्षरं खेळात नेहमी नीट दिसत नाहीत. इंग्रजीत एक खूण म्हणजे एक अक्षर. खुणा एकापुढे एक मांडल्या की शब्द झाला. आपल्याकडे तसं नाही. 'कुऱ्हाड' या शब्दात युनिकोडच्या सात खुणा आहेत: क, उकार, ऱ, हलन्त, ह, काना, ड. त्यातला ऱ आणि ह जोडून ह च्या डावीकडे ती आडवी वळलेली रेघ यायला हवी, तर कुऱ्हाड वाचता येते. हे जोडण्याचं काम करणारा एक वेगळा थर लागतो. ब्राउझरमध्ये तो असतो, हार्फबझ नावाची सोय त्यासाठी अनेक ठिकाणी वापरली जाते. लुआंटीच्या इंजिनात अक्षरांची चित्रं फ्रीटाइपकडून येतात, पण जोडणीचा हा थर त्यात बसवलेला नाही. म्हणून ऱ मोडका पाय दाखवत उभा राहतो आणि ह त्याच्या शेजारी सुटा. 'विळा' लिहिलं तर पहिली वेलांटी व च्या आधी यायच्या ऐवजी नंतर येते. हिंदी आणि कन्नडमध्ये या खेळाचे अनुवाद झाले होते, तरी अक्षरं नीट उमटत नाहीत म्हणून खेळाची बांधणी करताना त्या भाषा वगळलेल्या होत्या. लोकांनी केलेलं काम फोल्डरात पडून राहिलं.

मुलांना ही अडचण लगेच लक्षात येत नाही, कारण पहिले शब्द बरोबर दिसतात. दगड, गवत, कापूस, पाणी, वाळू: यांत जोडाक्षर नाही, ऱ्हस्व वेलांटी नाही. मग कुऱ्हाड येते आणि घात होतो. यावर तिसऱ्या प्रकरणात जे उपाय दिले आहेत ते तात्पुरते आहेत: मोडणाऱ्या शब्दांना रोमन अक्षरांत लिहिणं, किंवा नाव अक्षरांऐवजी चित्र म्हणून वस्तूवरच काढणं. पक्का उपाय दुसऱ्या इंजिनात आहे. गोडो हे मुक्त इंजिन १ मार्च २०२३ ला चौथ्या आवृत्तीत आलं, तेव्हापासून त्याच्यात जोडणीचा थर आहे. तिथे कुऱ्हाड कुऱ्हाडच दिसते, आणि नावांचा तक्ता साध्या सीएसव्ही फाइलीत ठेवता येतो. शब्दसंग्रह एकदा नीट जमवला की तो या इंजिनातून त्या इंजिनात नेणं हे एका दुपारचं काम आहे. म्हणूनही मी शब्दांवर इतका भर देतो. इंजिनं बदलत राहतील.

नावं बदलणं ही खेळणाऱ्यांची जुनीच सवय आहे, आणि भारतात तिचा सगळ्यांत मोठा अध्याय क्रिकेटचा आहे. ईए स्पोर्ट्सचा 'क्रिकेट ०७' नोव्हेंबर २००६ मध्ये आला. त्यात इंग्लंड आणि ऑस्ट्रेलिया या संघांचेच पूर्ण परवाने होते; आपल्या खेळाडूंची नावं मोडतोड करून घातलेली होती. त्या कंपनीनं त्यानंतर संगणकासाठी क्रिकेटचा नवा खेळ काढलाच नाही. तरी तो एकच खेळ भारतात वर्षानुवर्षं खेळला गेला, कारण हौशी मंडळी त्याच्या रोस्टर फाइली उघडून नावं सुधारत राहिली, २००८ ला आयपीएल सुरू झाल्यावर त्या संघांचे कपडे आणि बॅटवरचे स्टिकरसुद्धा घालत राहिली. डेटा फाइल म्हणजे काय, हे कित्येक मुलांना तिथेच पहिल्यांदा कळलं. 'एज ऑफ एम्पायर्स ३'चा आशियाई राजवटींचा भाग २००७ मध्ये आला; त्यातली नावं एक्सएमएल फाइलीत उघडी ठेवलेली होती, प्रत्येक नावाला एक क्रमांक. आणि २००९ च्या 'एम्पायर : टोटल वॉर'मध्ये मराठ्यांचं राज्य स्वतः खेळता येतं. त्यांच्या फौजेत बारगीर या नावाच्या तुकड्या आहेत. अशा खेळाची नावं मराठीत आणू पाहणाऱ्याला बारगीर आणि शिलेदार यांतला फरक ठाऊक असायला हवा: बारगिराला घोडा सरकारातून मिळे, शिलेदार स्वतःचा घोडा आणि हत्यार घेऊन येई. घोडा मेला तर नुकसान कुणाचं, हा त्या दोन शब्दांमधला फरक आहे, आणि लढाईत कोण किती पुढे जाईल तेही त्यावरून ठरे. दोघांनाही 'घोडेस्वार' लिहून टाकलं तर नाव मराठी होतं आणि माहिती जाते.

शिवनेरीच्या पायथ्याशी राहणाऱ्यांना या कामाचा एक मोठा पूर्वज सांगायला हवा. शिवाजी महाराजांनी रघुनाथ पंडितांकडून 'राज्यव्यवहारकोश' करवून घेतला, तो राज्याभिषेकाच्या सुमाराच्या वर्षांत. दरबारात रुळलेल्या फारसी-अरबी शब्दांना त्यात संस्कृत पर्याय दिले आहेत, आणि ते दहा वर्गांत लावले आहेत: राजवर्ग, कार्यस्थानवर्ग, भोग्यवर्ग, शस्त्रवर्ग, चतुरंगवर्ग, सामंतवर्ग, दुर्गवर्ग, लेखनवर्ग, जनपदवर्ग, पण्यवर्ग. ही मांडणी पाहताना मी थक्क होतो. खाण्याच्या वस्तू, हत्यारं, सैन्य, किल्ले, बाजार: कुठल्याही मोठ्या खेळाची वस्तूंची यादी आजही साधारण अशाच खणांत विभागलेली असते. एका बाजूला चालू शब्द, दुसऱ्या बाजूला ठरवलेला शब्द. त्यांतले कित्येक पर्याय रुळले नाहीत, फारसी शब्द लोकांच्या तोंडी राहिले, आणि ते आज आपलेच आहेत. त्यावरून मुलांनी एवढं घ्यावं की रुळलेल्या शब्दाला उगाच हाकलू नये. बादलीला बादलीच म्हणावं. 'लाव्हा' हा शब्द भूगोलाच्या पुस्तकातून सगळ्यांना ठाऊक आहे, आणि आपला सगळा सह्याद्री त्याचाच झाला आहे. त्याला तप्तरस म्हणून कुणाचं भलं होत नाही.

आणि नाव ही क्षुल्लक बाब आहे असं ज्यांना वाटतं, त्यांनी नाणेघाट चढून जावा. तिथल्या लेण्यात सातवाहन राजघराण्यातल्या माणसांच्या मूर्ती कोरलेल्या होत्या. मूर्ती फुटून गेल्या. पायांच्या खुणा तेवढ्या उरल्या. वर कोरलेली नावं मात्र राहिली, म्हणून तिथे सिमुक होता, सातकर्णी होता, नागनिका होती, हे आपल्याला सांगता येतं. बाजूच्या भिंतींवरच्या लेखात यज्ञांत दिलेल्या दानांची यादी आहे, गायी, हत्ती, घोडे, कार्षापण, प्रत्येकापुढे आकडा. भारतातल्या अंकलेखनाच्या फार जुन्या नमुन्यांत तो लेख मोजला जातो. वस्तू आणि तिची संख्या ओळीनं नोंदवण्याची रीत आपल्या घाटात दोन हजार वर्षांपूर्वीची आहे.

शब्द कुठून आणायचे, हा पुस्तिकेचा सगळ्यांत लांब भाग झाला आहे. मोल्सवर्थचा कोश (१८३१, सुधारून १८५७) आणि त्रिंबक नारायण आत्र्यांचं 'गावगाडा' (१९१५) जवळ ठेवावं. शेतीच्या आणि बलुत्याच्या वस्तूंची नावं त्यांत ठासून भरलेली आहेत. पण आधी माणसांना विचारावं. पाभर, कुळव, जू, शिवळ, सापती हे शब्द पन्नाशीच्या पुढच्या शेतकऱ्याला विचारले तर तो नुसतं नाव सांगत नाही, कोणतं लाकूड, कुणी घडवायचं, कशानं मोडतं तेही सांगतो, आणि ही सगळी माहिती खेळातली वस्तू बनवताना उपयोगी पडते, कारण खेळ तेच विचारतो: कशापासून, कोणत्या अवजारानं, किती दिवस टिकेल. ट्रॅक्टर आल्यापासून यातली बरीच अवजारं पडवीच्या आढ्याला टांगलेली आहेत. पश्चिम पट्ट्यातल्या मुलांकडे तर असा साठा आहे की तो कोशांतही पुरता आलेला नाही. भाताचं खाचर, रोपांसाठी भाजलेला राब, आवणी, पावसात डोक्यावर घ्यायचं इरलं, हिरडा गोळा करून वाळवण्याची रीत: यांतली एकेक गोष्ट म्हणजे खेळातली एकेक वस्तू आणि ती बनवण्याची कृती होऊ शकते. आजीला दोन शब्द विचारले आणि तिनं तीन सांगितले, तर तिन्ही लिहून ठेवावेत, कुठल्या वाडीत कोणता चालतो या नोंदीसकट.

एक सूचना पालकांसाठी आणि शिक्षकांसाठी. मोबाइलवरच्या ऑनलाइन लढाईच्या खेळांच्या फाइलींना हात लावू देऊ नका. तिथे नाव बदलणं आणि फसवणूक करणं यांत खेळाची राखण करणारी यंत्रणा फरक करत नाही. खातं कायमचं बंद होऊ शकतं. 'मॉड' म्हणून फिरणाऱ्या एपीके फाइलींत काय भरलेलं आहे हे आपल्याला दिसत नाही, आणि त्याच फोनवर घरातलं बँकेचं ॲप असतं. या पुस्तिकेतला सगळा उद्योग संगणकावरचा, उघड्या परवान्याच्या खेळांचा आणि डोळ्यांनी वाचता येईल अशा मजकुराचा आहे.

खोडदच्या जीएमआरटी या रेडिओ दुर्बिणीच्या केंद्रात दर वर्षी राष्ट्रीय विज्ञान दिनाला, २८ फेब्रुवारीला, शाळांची मुलं आपले प्रयोग मांडतात. त्या टेबलांवर कधीतरी एक संगणक असा असावा की त्यातल्या जगात बाजरी पेरता येते, खोऱ्यानं पाट फोडता येतो, आणि प्रत्येक वस्तूचं नाव कुणाकडून मिळालं ते त्या वस्तूच्या माहितीतच लिहिलेलं आहे. अशी सोय करायला एकच जादा ओळ लागते. ती कशी लिहायची ते पाचव्या प्रकरणात आहे. पहिलं प्रकरण मात्र याहून साधं आहे. लोकेल फोल्डराची एक प्रत काढून दुसरीकडे ठेवायची, फाइल यूटीएफ-८ मध्ये जतन होते आहे ना ते पाहायचं, आणि 'स्टोन'च्या ओळीपुढे 'दगड' लिहायचं.